संमोहन खरं की सोंग? ओळखावं कसं आणि रोखावं कसं

तुम्ही चार गोष्टी विचारल्या आहेत. गॅदरिंगला संमोहनाचा कार्यक्रम झाला, तुमचा मित्र स्टेजवर कांदा सफरचंद समजून कचाकचा खात होता आणि आता शपथेवर सांगतो की आपण नाटक करत होतो, खरं काय? मावशीला भररस्त्यात दोघांनी ‘संमोहित’ करून पाटल्या उतरवून नेल्या. असं होऊ शकतं का? आपल्यावर कुणी प्रयोग करायला लागलं तर ओळखायचं आणि थोपवायचं कसं? आणि मावशीला संमोहनात नेऊन चोरांचे चेहरे आठवून घेता येतील का? मी मानसोपचारात बरीच वर्षं संमोहन वापरतो, दातांच्या डॉक्टरांची धास्ती, जुनाट वेदना, पोटाचे हट्टी त्रास अशा कामांसाठी. हे चारही प्रश्न माझ्याकडे सतत येतात, आणि बहुतेक वेळा एकत्रच येतात.

चारही उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. संमोहनात जे घडतं ते संमोहित होणारा माणूस स्वतः घडवतो. समोरचा फक्त सुचवतो. त्याच्या नजरेत, आवाजात किंवा हातातल्या लोलकात काही नसतं.

हे स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत एक गोंयकार होता. बारदेशातल्या कांदोळीत 1756 साली जन्मलेला जुझे कुस्तोदियो द फारिया, म्हणजे आबे फारिया. पणजीत जुन्या सचिवालयापाशी त्याचा पुतळा आहे, हात पसरून एका बाईवर झुकलेला. पाहणाऱ्याला तो मांत्रिकच वाटतो, आणि हा त्याच्यावर थोडा अन्यायच आहे. कारण त्या काळात मेस्मर या व्हिएन्नातून पॅरिसला आलेल्या डॉक्टरचे अनुयायी सांगत होते की करणाऱ्याच्या अंगातून चुंबकासारखा अदृश्य द्रव वाहतो. 1784 साली फ्रान्सच्या राजाने नेमलेल्या समितीने, ज्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, ती कल्पना तपासली. फ्रँकलिनच्या बागेतल्या एका जर्दाळूच्या झाडात ‘चुंबकत्व’ भरलं, डोळे बांधलेल्या एका मुलाला एकेका झाडापाशी नेलं, आणि पोरगा भलत्याच झाडाखाली मूर्च्छा येऊन पडला. द्रव वगैरे काही नाही, सगळा कल्पनेचा खेळ, असा निकाल लागला. फारियाने 1813 पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग सुरू केले. तो लोकांना खुर्चीत बसवायचा, डोळे मिटायला सांगायचा आणि मोठ्याने म्हणायचा, “झोपा!” काही जण तंद्रीत जायचे, काही ढिम्म बसून राहायचे. तो सांगायचा की हा फरक माझ्यातला नाही, त्यांच्यातला आहे.

सोंग घेणाऱ्याचा पहिला जबर फटकाही त्यालाच बसला. 1816 च्या सुमारास एक नट त्याच्या सभेत गेला, तंद्रीत गेल्याचं सोंग आणलं आणि नंतर टक्क डोळे उघडून भर सभेत त्याची खिल्ली उडवली. पाठोपाठ रंगभूमीवर त्याच्यावर प्रहसन आलं, पॅरिस पोट धरधरून हसलं आणि फारियाची सद्दी संपली. पण नटाने सिद्ध काय केलं? सोंग घेता येतं, आणि ते तरबेज माणसालाही कळत नाही, एवढंच. खुर्चीत बसलेले बाकीचे लोकही सोंगच करत होते, हे त्यातून मुळीच निघत नाही. एकदा हशा पिकला की तर्काकडे कोण बघतो!

तरबेज माणसालाही कळत नाही, हे पुढे अमेरिकेत मार्टिन ऑर्न या मानसोपचारतज्ज्ञाने रीतसर दाखवून दिलं. त्याची पद्धत अशी: ज्यांच्यावर संमोहनाचा जवळजवळ परिणामच होत नाही अशी माणसं निवडायची, त्यांना सांगायचं की आता तुम्ही संमोहित झाल्याचं सोंग करा, आणि मग खरी व सोंगाडी माणसं मिसळून एका अनुभवी संमोहनतज्ज्ञापुढे पाठवायची. कोण कुठला हे तज्ज्ञाला सांगायचं नाही. सोंगाड्यांना काही शिकवलेलंही नसतं. तरीही नुसतं बघून तज्ज्ञांना दोघांत भरवशाने फरक करता येईना. हात ताठ होणं, टाचणी टोचल्यावर न हलणं, ‘तू पुन्हा लहान झालास’ असं सुचवल्यावर लहान मुलासारखी अक्षरं काढणं, सगळं सोंगाडे व्यवस्थित करत होते.

म्हणून पापण्यांची फडफड, सैल पडलेली मान, मंद श्वास, उशिरा येणारी उत्तरं अशा खुणांवरून कुणी ‘हा गेला’ म्हणून सांगत असेल तर जपून. मीही या खुणा बघतो. खऱ्या सूचनेने वर उठणारा हात बहुतेकदा अडखळत, थरथरत, इतका सावकाश उठतो की बघणाऱ्याचा धीर सुटावा; सोंगाड्याचा हात गुळगुळीत वर जातो. पण ही खूण समोरच्याला ठाऊक असली की तोही थरथरतो. हा कामापुरता अंदाज, पुरावा नव्हे.

वेदना न होणं हा तरी पक्का पुरावा असेल असं वाटतं. 1842 साली इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमशरला एका मजुराचा पाय मेस्मरी तंद्रीत कापला. क्लोरोफॉर्म यायला अजून पाच वर्षं होती. ती हकिगत लंडनच्या वैद्यकीय सभेत वाचली गेली तेव्हा मार्शल हॉल नावाच्या नामवंत डॉक्टरने ती सपशेल उडवून लावली. हा पाय कापताना दुसरा पाय आपोआप झटकला गेला असता, तो गेला नाही, अर्थात माणूस सोंग करत होता! कुणी मांडी कापून घेत असताना शांत पडून राहतो आणि त्यावर आक्षेप काय, तर तो पुरेसा झटकला नाही. तीन वर्षांनी हुगळीत जेम्स एस्डेल या कंपनी सरकारच्या शल्यविशारदाने तंद्रीत मोठमोठ्या गाठी काढायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या बंगाली रुग्णांबद्दलही हीच शंका घेतली गेली.

मग फरक कुठेच दिसत नाही का? दिसतो, पण अपेक्षेच्या उलट बाजूला. सोंगाडा जास्त तर्कशुद्ध वागतो. ‘समोर खुर्ची नाही’ अशी सूचना देऊन चालायला सांगितलं की सोंगाडा इमानाने खुर्चीला धडकतो. नाही म्हणजे नाही ना! खरोखर गुंगलेला माणूस खुर्ची नाही असंही म्हणतो आणि तिला वळसा घालूनही जातो. मनगटावर एक वर्तुळ काढून सांगायचं की इथे तुला स्पर्श कळणार नाही. मग डोळे मिटवून सांगायचं, स्पर्श कळला की ‘हो’ म्हण, नाही कळला की ‘नाही’ म्हण. वर्तुळात स्पर्श केल्यावर खरा संमोहित बऱ्याचदा बिनदिक्कत ‘नाही’ म्हणतो. सोंगाडा विचार करतो की कळलंच नाही तर ‘नाही’ तरी कसं म्हणू, आणि गप्प बसतो. विसंगती खऱ्याला सलत नाही.

या तपासाचं सगळ्यात गाजलेलं प्रकरण केनेथ बियांकीचं. 1977-78 मध्ये लॉस एंजेलिसच्या परिसरात बायकांचे गळे आवळून खून झाले. जानेवारी 1979 मध्ये तो वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅममध्ये दोन तरुणींच्या खुनात पकडला गेला. संमोहनात नेल्यावर त्याच्यातून ‘स्टीव्ह’ नावाचं उर्मट, शिवराळ व्यक्तिमत्त्व बाहेर आलं आणि खुनांची कबुली देऊ लागलं. मी केनेथ, मला काहीच आठवत नाही, हे कृत्य स्टीव्हचं. दोघा अनुभवी तज्ज्ञांचा त्यावर विश्वास बसला. मग ऑर्नला बोलावलं. त्याने सूचना दिली की तुझा वकील समोर बसला आहे. सूचनेने माणूस दिसतो म्हणणारे लोक सहसा शांतपणे ‘हो, बसलेत’ म्हणतात. बियांकी उठून हवेशी हस्तांदोलन करायला गेला, वर ऑर्नलाही ते दिसत असणारच असं पटवू लागला. खरा वकील खोलीत आल्यावर ‘एकच माणूस दोन ठिकाणी कसा?’ असा अगदी शहाण्या माणसाचा प्रश्न त्याने विचारला. ऑर्नने गप्पांच्या ओघात सहज म्हटलं की खऱ्या रुग्णांत दोनच व्यक्तिमत्त्वं क्वचित असतात. थोड्याच वेळात ‘बिली’ हजर झाला! पुढे घरात मानसशास्त्राची पुस्तकं सापडली, आणि स्टीव्ह वॉकर हे नाव एका खऱ्या विद्यार्थ्याचं निघालं, ज्याची गुणपत्रकं बियांकीने फसवून मिळवली होती. शेवटी त्याने गुन्हा कबूल केला आणि लॉस एंजेलिसच्या खुनांतला साथीदार असलेल्या मावसभावाविरुद्ध साक्ष द्यायला तयार झाला.

लक्षात घ्या, त्याला शेवटी पकडलं ते पुस्तकांनी आणि गुणपत्रकांनी. नंतरच्या संशोधनात खुर्ची-वर्तुळाच्या या चाचण्या एकट्यादुकट्या माणसाबाबत निर्णायक ठरल्या नाहीत, आणि आता ज्याला त्या वाचून माहीत आहेत तो वळसा घालेल हेही उघड आहे. मला जास्त पटणारा प्रयोग अर्व्हिंग कर्श आणि सहकाऱ्यांचा, 1989 चा. त्यांनी माणसांना खोलीत एकटं सोडून टेपवरून सूचना ऐकवल्या आणि चोरून चित्रण केलं. कुणी बघत नाही असं वाटताच सोंगाड्यांचा उत्साह ओसरला. संमोहित माणसं एकटी असतानाही जवळपास तेवढाच प्रतिसाद देत राहिली. मेंदूच्या चित्रणातही हात लुळा पडल्याचं सोंग आणि सूचनेने खरोखर लुळा वाटणारा हात यांचे नमुने वेगळे दिसले आहेत. ते प्रयोगशाळेत ठीक, गॅदरिंगला यंत्र कुठून आणणार?

आता तुमचा मित्र. स्टेजवरचा संमोहनकार कार्यक्रमाच्या सुरुवातीला सगळ्या प्रेक्षकांना बोटं गुंफायला लावतो, ‘आता सुटत नाहीत’ म्हणतो आणि ज्यांची सुटत नाहीत त्यांना वर बोलावतो. वर आल्यावर जे रंगत नाहीत त्यांना पाठीवर थाप मारून खाली धाडतो. उरतात ती मुळात सूचनेला चटकन प्रतिसाद देणारी, किंवा समोरच्या शिट्ट्यांना चटकन प्रतिसाद देणारी. बहुतेकांत दोन्हीचं मिश्रण असतं. ‘मी थांबू शकलो असतो, पण थांबलो नाही’ हे वाक्य तुमचा मित्र आज नाटकाचा पुरावा म्हणून वापरतो आहे. तेच वाक्य माझ्याकडे चांगले संमोहित झालेले लोक डोळे उघडल्यावर म्हणतात. त्याला वेगळं विचारून बघा: प्रत्येक घास तू ठरवून चावत होतास, की हात-तोंड आपसूक चाललं होतं? कांदा तिखट लागला का? पहिल्याला ‘ठरवून’ आणि दुसऱ्याला ‘हो, पण चेहरा सांभाळला’ असं उत्तर आलं तर नाटक. बाकी कांद्याला मी पुरावा मानायला तयार नाही. भाकरीबरोबर बुक्कीने फोडून कांदा खाणाऱ्या मुलखात त्यासाठी संमोहन कशाला लागतं?

थोपवायचं कसं, याचं उत्तर निराशाजनक वाटेल इतकं सोपं आहे. तुम्हाला माहीत हवं की थोपवता येतं. निकोलस स्पॅनोस या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञाने सूचनेला उत्तम प्रतिसाद देणारी माणसं घेतली आणि त्यांना काही सूचनांना विरोध करायला सांगितलं. त्यांतल्या काहींना आधी सांगितलं होतं की खोल संमोहनातल्या माणसालाही विरोध करता येतो, आणि त्यांनी जवळपास प्रत्येक सूचना परतवली. खोल गेलेल्याला विरोध जमत नाही असं ज्यांच्या कानावर घातलं होतं, त्यांचे हात सूचनेबरहुकूम वागत राहिले. वशीकरणाच्या जाहिराती, मालिकांतले गरगरणारे डोळे आणि ‘त्याच्या डोळ्यांत बघू नकोस’ म्हणणारी आजी, हे सगळे मिळून माणसाला या दुसऱ्या गटात ढकलतात.

प्रत्यक्षात एखादा माणूस फार सावकाश, एका लयीत बोलू लागला, श्वासाकडे किंवा एका बिंदूकडे लक्ष द्यायला सांगू लागला, ‘तुम्हाला आता जाणवेल की…’ अशा वाक्यांची माळ लावू लागला आणि तुमच्या प्रत्येक हालचालीला ‘छान, असंच’ म्हणू लागला, तर संमोहनाचा प्रयत्न चालू आहे असं समजा. नको असेल तर प्रश्न विचारा, जागा बदला, मनात शंभरातून सात-सात वजा करा, नाहीतर सरळ ‘मला हे नको’ म्हणून उठा. माझ्यापुढे बसलेला माणूस असं करतो तेव्हा मी काहीही करू शकत नाही. उलट, ज्यांना संमोहित व्हायचं आहे आणि होता येत नाही, त्यांची संख्याही कमी नाही. 1959 साली स्टॅनफर्डमध्ये बारा सूचनांची मोजपट्टी तयार झाली. तीत अगदी वरच्या टोकाला थोडे, अगदी खालच्या टोकाला थोडे आणि बहुसंख्य मधे पडतात. पंचवीस वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा मोजलं तेव्हा क्रम फारसा बदललेला नव्हता. याचा अक्कल किंवा मनोबल यांच्याशी संबंध नाही. गोष्टीत रंगून जाणारी, सिनेमात रडणारी माणसं थोडी पुढे असतात, इतकंच.

आणि म्हणूनच मावशींना कुणी संमोहित केलं नाही. अनोळखी बाईला, रहदारीत, दोन मिनिटांत, तिच्या इच्छेविरुद्ध? ही चाल जुनी आणि ठरलेली आहे. ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ आणि रुमाल परत हातात येतो तो दगड बांधूनच. नाहीतर ‘शेठला मुलगा झालाय, गरीब बायकांना साड्या वाटतोय, अंगावर दागिने दिसले तर मिळणार नाही’. यात अधिकाराचा दरारा आहे, घाई आहे, साथीदाराने आधी स्वतःची अंगठी काढून दाखवणं आहे, आणि लक्ष दुसरीकडे वळवणारी अखंड बडबड आहे. गाडीत गुंगीचं औषध घातलेलं बिस्किट देणाऱ्यांचा प्रकार आणखी वेगळा. ते रसायन आहे. पण घरी आल्यावर ‘मी भोळेपणाने दिले’ म्हणण्यापेक्षा ‘मला काही कळलंच नाही, भुरळ घातली’ म्हणणं सोपं जातं, आणि वर्तमानपत्रही तसाच मथळा देतं. मावशींना यावरून टोचून बोलू नका. त्या खोटं बोलत नाहीयेत. घाबरलेल्या, घाईत असलेल्या माणसाला नंतर खरोखरच धड आठवत नाही.

संमोहनाने गुन्हा करवून घेता येतो का, हा याचाच दुसरा चेहरा. सिडनीत ऑर्न आणि इव्हान्स यांनी 1965 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संमोहित माणसांना विषारी साप पकडायला, तीव्र आम्लात हात घालायला आणि ते सहकाऱ्याच्या तोंडावर फेकायला सांगितलं. सहापैकी पाच जण तयार झाले. अंगावर काटा यावा असा निकाल. पण सोंग करणारे सहाच्या सहा तयार झाले होते! सगळ्यांनाच आतून खात्री होती की विद्यापीठातला संशोधक आपल्याला मरू देणार नाही, आणि तशी सोय होतीही: सापापुढे न दिसणारी काच, फेकायच्या वेळी बदललेला द्रव. 1951 मध्ये कोपनहेगनच्या एका बँकेत पाले हार्ड्रुपने दोघांना गोळ्या घातल्या. तुरुंगातला त्याचा जुना सोबती ब्यर्न नील्सन याने संमोहनाने हे करवलं असं न्यायालयाने मानलं आणि नील्सनला जन्मठेप झाली. दोन दशकांनी हार्ड्रुपनेच एका वृत्तपत्राला सांगितलं की आपण संमोहित नव्हतो. तोवर नील्सनची शिक्षा भोगून झाली होती. दोघांची तुरुंगातली वर्षानुवर्षांची जवळीक, श्रद्धा, एकाने दुसऱ्याचा गुरू होणं, हे खरं होतं. संमोहनाच्या नावाखाली होणाऱ्या लैंगिक शोषणातही मला नेहमी हेच दिसतं: महिनोन् महिने कमावलेला विश्वास, बंद खोली, ‘कुणाला सांगू नका’. तेव्हा उपचारासाठी जाताना माणसाची पदवी आणि नोंदणी बघा, सोबत कुणाला बसू देतो का विचारा, आणि ध्वनिमुद्रण करू द्यायला का-कू करणाऱ्याकडे जाऊ नका.

राहिले चोरांचे चेहरे. 1976 मध्ये कॅलिफोर्नियातल्या चाउचिल्लाला मुलांनी भरलेली बस पळवली गेली, तेव्हा बसच्या चालकाला संमोहनात पळवणाऱ्यांच्या व्हॅनचा नंबर एक आकडा सोडून आठवला. या एका यशावर पुढे पुष्कळ साक्षीदार संमोहित झाले. नंतर लक्षात आलं की संमोहनात आठवणींची संख्या वाढते, पण खऱ्याबरोबर खोट्याही वाढतात, आणि माणसाची खात्री मात्र दोन्हींबद्दल सारखीच पक्की होते. 1982 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने संमोहित साक्षीदाराच्या साक्षी जवळपास बंदच केल्या.

मावशींच्या बाबतीत मी हे करणार नाही, आणि तुम्हीही कुणाकडे नेऊ नका. उद्या पोलिसांनी संशयित पकडून ओळखपरेड घेतली तर ‘हिची आठवण संमोहनाने तयार केलेली आहे’ असं बचावाचा वकील म्हणेल आणि त्याचं बरोबर असेल. त्यापेक्षा त्यांना शांत बसवून, मधे प्रश्न न घालता, क्रमाने सगळं सांगू द्या: रिक्षातून कुठे उतरल्या, आधी कोण बोललं, भाषा कशी होती, गाडी कुठल्या बाजूला गेली. तसंच्या तसं लिहून घ्या, तारीख आणि वेळ घाला. तक्रारीत ‘संमोहित केले’ असं लिहू नका. ‘तोतयेगिरी करून फसवून दागिने नेले’ असं लिहा, आणि त्या रस्त्यावरच्या दुकानांच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण पुसलं जायच्या आत मागवायला सांगा.